प्रस्तावना: चाळणी कुठली आणि निवाडा कुठला

एक किलो फळात शिसे जास्तीत जास्त किती चालेल, याचे उत्तर ठरलेले आहे: ०.१ मिलिग्रॅम. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने बहुतेक फळांसाठी हीच मर्यादा धरली आहे, आणि चीनच्या राष्ट्रीय मानकातही ताज्या फळांसाठी हाच आकडा आहे. बेरीसारख्या बारक्या फळांना थोडी सवलत मिळते, इतकेच. दोनशे ग्रॅमच्या संत्र्याचा हिशेब मांडला, तर त्यात चालण्याजोगे शिसे २० मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे एका ग्रॅमचा पन्नास हजारावा भाग. एवढ्याशा शिशाने फळाचा रंग बदलत नाही, चव बिघडत नाही, वास येत नाही. हातात घेऊन, दाबून, हुंगून फळ पारखण्याची आपली सगळी विद्या इथे निकामी ठरते.

हे शिसे, आणि त्याच्या जोडीने कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम हे धातू, फळ न जाळता, न कुटता, आम्लात न विरघळवता, बागेच्या बांधावर किंवा बाजार समितीच्या दारात मिनिटाभरात ओळखता येतील का? प्रस्तुत पुस्तक या प्रश्नाभोवती फिरते. लेखकांनी उत्तरासाठी निवडलेले साधन आहे लेसर. फळावर लेसरचा एक झोत मारायचा, उडणाऱ्या ठिणगीचा प्रकाश वर्णपटमापकात घ्यायचा आणि त्या प्रकाशातील रेषांवरून कोणती मूलद्रव्ये हजर आहेत ते वाचायचे. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘लिब्ज’ म्हणतात. गेल्या काही दशकांत तिच्यावर शोधनिबंधांचा पाऊस पडला आहे, आणि त्यांतले कितीतरी फळे, भाजीपाला आणि धान्यावरचे आहेत. मराठीत मात्र या विषयाचे सलग, साधार विवेचन मिळणे कठीण. ती उणीव हे पुस्तक भरून काढते. लेखकांनी तंत्र तपशिलाने दिले असल्यामुळे प्रस्तावनेत त्याची उजळणी करण्यापेक्षा, या तंत्राकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे सांगणे मला अधिक अगत्याचे वाटते.

आधी प्रयोगशाळेतली रूढ वाट पाहू, कारण लेसरची सगळी मोहिनी तिच्या संथपणामुळे आहे. फळ धुऊन साल आणि गर वेगळे करतात. गर वाळवून दळतात. त्या भुकटीतील सुमारे अर्धा ग्रॅम काट्यावर तोलून टेफ्लॉनच्या कुपीत घेतात, त्यात तीव्र नायट्रिक आम्ल आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालून कुपी घट्ट बंद करतात आणि मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवतात. सेंद्रिय भाग जळून जातो आणि पाण्यासारखा स्वच्छ द्रव उरतो. तो थंड करून, ठरलेल्या आकारमानापर्यंत पातळ करून यंत्राला देतात. यंत्र एकतर अणुशोषणाचे असते, ज्याची कल्पना ऑस्ट्रेलियातील अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडली, किंवा आयसीपी-एमएस, जे अब्जांशातले धातूही मोजते. सोबत कोरा नमुना, प्रमाणित नमुना आणि पुनरावृत्ती असतेच. मोजणी होते काही मिनिटांत, पण तिथपर्यंत पोहोचायला दिवस मोडतो. शिवाय आम्लाचा खर्च, धुराड्याची सोय आणि जाणता माणूस हवा. फळ नाशवंत. अहवाल हाती येईपर्यंत तो ढीग बहुधा लोकांच्या पोटात गेलेला असतो.

आता लेसरचा एक झोत जवळून पाहू. निओडिमियमयुक्त याग स्फटिकाचा लेसर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देतो. झोताचा कालावधी काही नॅनोसेकंदांचा आणि ऊर्जा साधारण दहा ते शंभर-दोनशे मिलिजूल, म्हणजे तशी किरकोळच. पण ही ऊर्जा भिंगाने मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर एकवटली की तिथली तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एक अब्ज वॉटच्या पुढे जाते. सालीचा तो ठिपका वितळायला वेळच मिळत नाही. त्याची वाफ होते, वाफेतले अणू फुटून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दहा हजार अंशांच्या घरातला प्लाझ्मा तयार होतो. ‘टक्’ असा बारीक आवाज होतो आणि सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग उरतो. पहिल्या काही शे नॅनोसेकंदांत हा प्लाझ्मा सगळ्याच रंगांत इतका झगमगतो की त्यातून काही वाचता येत नाही. म्हणून यंत्र जाणूनबुजून थांबते, साधारण एक मायक्रोसेकंद. तेवढ्यात झगमगाट ओसरतो आणि अणू आपापल्या ठरावीक रंगांत उजळलेले दिसू लागतात: कॅल्शियम ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर, तांबे ३२४.८ वर, क्रोमियम ४२५.४ वर, आणि शिसे ४०५.८ वर. त्या क्षणी झडप उघडून काही मायक्रोसेकंदांत प्रकाश टिपला की काम झाले. सेकंदाला असे अनेक झोत मारता येतात.

प्रत्येक मूलद्रव्याच्या ज्योतीत स्वतःच्या रेषा असतात, हे हायडेलबर्ग येथे बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी दाखवून दिले आणि त्याच बळावर १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर चालवून दाखवला, आणि लगेच १९६२ मध्ये ब्रेक आणि क्रॉस यांनी माणकाच्या लेसरने पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट घेतल्याचे जाहीर केले. तंत्राला आजचे रूप आले ते मुख्यतः १९८० च्या दशकात, अमेरिकेतील लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेत. पुढचा इतिहास वर्तमानपत्रांतून आपल्या घरी आला. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीने सात मीटरपर्यंतच्या खडकांवर लेसर मारून त्यांची घटकद्रव्ये वाचली. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रग्यान गाडीवरील लिब्ज उपकरणाने चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मातीत गंधक असल्याचे जागेवर मोजून सांगितले. ते उपकरण बंगळूरच्या इस्रोच्या विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेत तयार झाले होते.

चंद्रावर चालणारे यंत्र संत्र्यावर का चालू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल, आणि उपकरणे विकणारे तो आवर्जून पाडतात. पण चंद्राची माती कोरडी, आणि तिच्यातले लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम शेकडा काही भाग या मापाने असतात. संत्र्यात शंभरातले पंच्याऐंशीहून अधिक भाग पाणी, आणि ज्या शिशाचा शोध घ्यायचा ते एक कोटी भागांत एक भाग. अडचण नेमकी इथे आहे. ती समजून घ्यायची तर या विषयाच्या माहेरी, दक्षिण चीनमध्ये जायला हवे.

*

चीनच्या जिआंगशी प्रांताच्या दक्षिणेस गानझोउ शहर आणि त्याभोवतीचा डोंगराळ मुलूख आहे. त्याला गान्नान म्हणतात. तांबड्या मातीच्या उतारांवर इथे बेंबीची खूण असलेल्या संत्र्यांच्या अफाट बागा आहेत. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे फळ आपल्या नागपुरी संत्र्यापेक्षा मोसंबीच्या अधिक जवळचे, पण पुढे मी त्याला संत्रेच म्हणतो.) १९७० च्या दशकात शिनफेंग परगण्यात सुरू झालेली ही लागवड पुढे त्या मुलखाची ओळख बनली.

याच मुलखाची दुसरी ओळख खाणींची आहे. दायू परगण्यातील शिहुआशान डोंगरात १९०७ साली टंगस्टनचे खनिज सापडले आणि गानझोउ टंगस्टनची राजधानी म्हणून गाजू लागले. १९६९ साली लुंगनानमध्ये मातीच्या कणांना चिकटलेली दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आढळली. आज मोबाइलपासून पवनचक्कीपर्यंत सगळीकडे लागणाऱ्या चुंबकांचा कच्चा माल तो हाच. ती काढण्याची एक पद्धत म्हणजे डोंगराला भोके पाडून आत अमोनियम सल्फेटचे द्रावण सोडायचे आणि खालच्या अंगाला झिरपून आलेले पाणी गोळा करायचे. डोंगर जागेवर राहतो, पण त्याच्या मातीची रासायनिक घडी विस्कटते आणि त्यात जखडलेले इतर धातूही हलू लागतात. एका उतारावर खाण आणि त्याखालच्या उतारावर बाग, असे चित्र असलेल्या मुलखात ‘या फळात काय उतरले आहे?’ हा प्रश्न उठणे अटळ होते.

देशपातळीवर त्याला निकड आली ती २०१३-१४ च्या सुमारास. २०१३ मध्ये ग्वांगझोउच्या बाजारात कॅडमियमयुक्त तांदूळ सापडला आणि खळबळ उडाली. एप्रिल २०१४ मध्ये चीन सरकारने मातीच्या राष्ट्रीय पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: तपासलेल्या ठिकाणांपैकी १६.१ टक्के ठिकाणी प्रदूषकांचे प्रमाण मर्यादेबाहेर, शेतजमिनीत १९.४ टक्के, आणि धातूंमध्ये सर्वांत पुढे कॅडमियम. नानचांग येथील जिआंगशी कृषी विद्यापीठात लिऊ मुहुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गान्नानच्या संत्र्यांवर लेसर रोखला, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. शिसे, तांबे, क्रोमियम, कॅडमियम असा एकेक धातू घेऊन त्यांनी निबंधांची मालिकाच उभी केली. फळातील जड धातू आणि लिब्ज हा विषय आज ज्या आकारात आपल्यासमोर आहे, तो घडवण्यात या संत्र्यांचा वाटा मोठा आहे.

या प्रकारच्या अनेक प्रयोगांतली एक गोष्ट मात्र वाचकाने नीट लक्षात ठेवावी. बागेतून आणलेल्या फळात शिसे इतके थोडे असते की लेसरला त्याची रेषा बहुधा दिसतच नाही. म्हणून फळे शिशाच्या किंवा तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात काही काळ बुडवून ठेवतात, मग त्यांवर लेसर मारतात आणि त्याच फळांचे अणुशोषण पद्धतीने मोजमाप करून दोन्ही आकडे शेजारी मांडतात. आलेखावर ठिपके सरळ रेषेत बसतात, सहसंबंध ०.९ च्या वर जातो आणि सारांशात ‘जलद व अचूक’ हे शब्द येतात. यात लबाडी काही नाही. पद्धत घडवण्याची ही रूढ पायरी आहे. पण बुडवलेल्या फळात धातू बाहेरून आत, सालीत भरपूर आणि गरात नावापुरता, असा बसतो. मुळांवाटे आलेला धातू तसा बसत नाही. आणि द्रावणाने चढवलेले प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट असते. म्हणून असा निबंध वाचताना सहसंबंधाचा आकडा पाहण्याआधी, आलेखाच्या आडव्या अक्षावर सर्वांत डावीकडचा ठिपका कितीचा आहे ते पाहावे.

*

झाडाची बाजूही इथे समजून घ्यायला हवी. शिसे मातीतून मुळात शिरले तरी बहुतांशी तिथेच अडकते. वरच्या फांद्यांपर्यंत थोडे आणि फळापर्यंत त्याहून थोडे पोहोचते. फळाला अन्नपुरवठा मुख्यतः पानांकडून होतो आणि त्या वाटेने शिसे सहसा प्रवास करत नाही. कॅडमियम अधिक चपळ आहे, पण तेसुद्धा पालेभाज्यांत आणि कंदांत जितके साठते तितके झाडावरच्या फळांत साठत नाही. त्यामुळे फळावर सापडणारा धातू पुष्कळदा वरून आलेला असतो: रस्त्याची आणि कारखान्याची धूळ, फवारलेले औषध, धुण्याचे पाणी, पिकवण्याची भुकटी. ही गोष्ट लेसरच्या पथ्यावर पडते, कारण लेसर पृष्ठभाग पाहतो. पण कायदा काय पाहतो? युरोपीय संघाची मर्यादा धुतलेल्या फळाच्या खाण्याजोग्या भागाला लागू होते. संत्र्याच्या बाबतीत लेसर जिथे पाहतो ती साल आपण फेकतो, आणि कायदा ज्याबद्दल विचारतो तो गर लेसरला सालीआड दिसत नाही. सफरचंद किंवा द्राक्ष सालीसकट खाल्ले जाते. तिथे हा दुरावा कमी होतो.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भांड्यातला सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. संत्र्याचे तसे नाही. सालीवर तेलाच्या ग्रंथी आहेत, खळगे आहेत, मेण आहे. एका झोताने उडालेला पदार्थ फार तर मायक्रोग्रॅमभर. तो मर्यादेइतक्याच शिशाचा आहे असे धरले, तर त्यात शिशाचे सुमारे तीस कोटी अणू येतात. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण ते जवळपास पस्तीस कोटी अणूंमागे एक या प्रमाणात विखुरलेले असतात. पाण्यामुळे झोताची ऊर्जा बाष्पीभवनात वाया जाते, तुषार उडतात, प्लाझ्मा लवकर विझतो. साध्या रचनेत लिब्जची पकड साधारण किलोमागे एक ते शंभर मिलिग्रॅमच्या पट्ट्यात असते. मर्यादा ०.१ वर आहे. मधले अंतर दहापट ते हजारपट.

त्यातही रेषांचे शेजार सुखाचे नाहीत. शिशाची रेषा ४०५.८ नॅनोमीटरवर आणि पोटॅशियमची जोडरेषा ४०४.४ आणि ४०४.७ वर. संत्र्यात पोटॅशियम किलोला सुमारे १.८ ग्रॅम, म्हणजे शिशाच्या मर्यादेच्या अठरा हजार पट. चांगला वर्णपटमापक दोन्ही रेषा वेगळ्या दाखवतो, पण धिप्पाड शेजाऱ्याच्या सावलीत शिशाची क्षीण रेषा वाचणे नाजूक काम आहे. कॅडमियमची २२८.८० वरची ठळक रेषा तर आर्सेनिकच्या २२८.८१ वरील रेषेवर जवळजवळ चढून बसते. नेहमीचे क्षेत्रीय यंत्र त्या दोघींना एकच समजते, म्हणून कॅडमियमसाठी दुसरी रेषाही तपासावी लागते. आणि लेसर अणू ओळखतो, संयुग ओळखत नाही. त्रिसंयुजी क्रोमियम आणि घातक षट्संयुजी क्रोमियम त्याच्या लेखी एकच. असेंद्रिय आर्सेनिक आणि त्याहून पुष्कळच निरुपद्रवी सेंद्रिय आर्सेनिकही एकच.

शास्त्रज्ञ या अडचणींपुढे हात टेकून बसलेले नाहीत. पुस्तकाच्या उत्तरार्धात आलेले उपाय मोठे कल्पक आहेत. एकापाठोपाठ एक दोन झोत मारायचे, म्हणजे पहिला जागा मोकळी करतो आणि दुसरा प्लाझ्मा तापवतो. फळाचा रस काचेवर किंवा गाळणकागदावर वाळवायचा, म्हणजे पाण्याचा अडसर दूर होऊन धातू एकवटतो. पृष्ठभागावर धातूचे नॅनोकण शिंपडायचे, म्हणजे संकेत अनेक पटींनी वाढतो; इटलीतील बारी येथे विकसित झालेली ही युक्ती चिनी संशोधकांनी फळे आणि भाज्यांवरील घातक रसायनांचे नकाशे काढण्यासाठी वापरली आहे. सर्वांत देखणी युक्ती दुसऱ्या लेसरची: प्लाझ्मातील शिशाच्या अणूंना २८३.३ नॅनोमीटरचा, नेमका त्यांनाच मानवणारा प्रकाश द्यायचा. ते तो गिळतात आणि ४०५.८ वर उजळतात. इतर अणू ढिम्म राहतात. या वाटेने पकड मर्यादेच्याही खाली नेता येते. जोडीला गणिताची मदत असतेच: एका रेषेवर विसंबण्याऐवजी शेकडो रेषांचा एकत्रित अर्थ लावणाऱ्या सांख्यिकी पद्धती, आणि अलीकडे यंत्रशिक्षण.

पण प्रत्येक उपायाची किंमत पाहा. रस काढून वाळवला की ‘फळाला न दुखावता’ हा दावा संपला. नॅनोकण शिंपडले की ते फळ विकता येत नाही. दुसरा लेसर आणला की यंत्र बांधावरून उठून पुन्हा प्रयोगशाळेच्या टेबलावर जाते. वेग, सोपेपणा आणि सूक्ष्मता यांपैकी दोन मागावीत, तिसरे सोडावे लागते. एखादा विक्रेता तिन्ही एकदम देऊ करत असेल, तर त्याच्या माहितीपत्रकातली बारीक अक्षरे वाचावीत.

*

मग लेसरचा उपयोग काय? माझ्या मते त्याने फळाचा निवाडा करू नये. कोणत्या फळाचा निवाडा व्हायला हवा, एवढेच सांगावे. शंभर पेट्यांतल्या कोणत्या पाच प्रयोगशाळेत पाठवायच्या, कोणत्या बागेच्या कोणत्या कोपऱ्यात पानांवर धातूची धूळ बसते आहे, धुतल्यावर साल खरोखर स्वच्छ झाली का, प्रक्रियेसाठी आलेल्या मालात कोणी भेसळ केली आहे का, हे चाळणीचे प्रश्न आहेत. त्यांना तिसऱ्या दशांश स्थळाची अचूकता नको, वेग हवा. आणि जगातल्या मोठ्या दुर्घटना पाहिल्या तर बहुतेकींत नेमके हेच प्रश्न वेळेवर विचारले गेले नव्हते.

अमेरिकेत १८९० च्या दशकापासून किडींविरुद्ध लेड आर्सेनेट फवारले जाई. सफरचंदाच्या बागांत तर ते पुढे नित्याचेच झाले. एकाच औषधात शिसे आणि आर्सेनिक दोन्ही. १९२५-२६ मध्ये अमेरिकी सफरचंदांवर आर्सेनिक आढळल्याने ब्रिटनमध्ये ओरड झाली आणि आयातबंदीची टांगती तलवार आली, तेव्हा बागायतदार फळे विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊ लागले. विष सगळे सालीवर होते. आजचा साधा लेसरही अशा जाड थरावर कामाचा ठरला असता. त्या औषधाची नोंदणी रद्द व्हायला १९८८ साल उजाडले, आणि जुन्या बागांच्या मातीत ते शिसे अजून आहे.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या सफरचंद-दालचिनीच्या लगद्याच्या पिशव्या परत मागवल्या गेल्या. नॉर्थ कॅरोलिनात काही मुलांच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले, तिथून शोध सुरू झाला. पुढे बाधित मुलांची संख्या पाचशेच्या वर गेली. लगद्याच्या एका नमुन्यात किलोला २.१८ मिलिग्रॅम शिसे मिळाले. फळ निर्दोष होते. दोष होता दालचिनीच्या पुडीत: इक्वेडोरमध्ये तपासलेल्या पुडीत शिसे किलोला २,२७० आणि ५,११० मिलिग्रॅम, सोबत क्रोमियम, म्हणजे रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट मिसळल्याची खूण. लेसरच्या दृष्टीने लगद्यातल्या आणि पुडीतल्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तयार लगद्यातले शिसे ओल्या पदार्थात, पकडीच्या काठावर. ते निसटण्याची शक्यता भरपूर. कोरड्या पुडीतले शिसे मात्र एका झोतात लख्ख दिसले असते. यंत्र तेच आणि शिसेही तेच, फरक फक्त तपासणीच्या जागेचा. चाळणी साखळीच्या शेवटी लावण्याऐवजी सुरुवातीला, कच्च्या मालाच्या दारात लावली, तर तिची भोके मोठी असली तरी चालते.

हे निव्वळ अनुमान नाही. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग आणण्यासाठी लेड क्रोमेट वापरले जाई. २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्के शिसेयुक्त होते; २०२१ मध्ये हे प्रमाण शून्यावर आले. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हातात धरायचे क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्र घेऊन घाऊक बाजारात जागेवर तपासण्या केल्या, दंड ठोठावले आणि प्रचार केला. ते यंत्र लेसरचे नव्हते, आणि ही गोष्ट लेसरच्या चाहत्यांनी पचवायला हवी: कोरड्या, धातूने भरलेल्या मालासाठी क्ष-किरणांचे यंत्र आज अधिक रुळलेले आहे. लेसर सरस ठरतो तो जिथे अगदी लहान ठिपक्याचा नकाशा हवा, हलकी मूलद्रव्येही पाहायची आहेत, किंवा धावत्या पट्ट्यावरील फळ न थांबवता दुरून तपासायचे आहे, तिथे.

*

महाराष्ट्रातील वाचकाला या सगळ्यात आपले काय, ते चटकन ओळखू येईल. फळातील एका आकड्याने काय होते, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांइतके क्वचितच कोणाला ठाऊक असेल. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, आणि उर्वरित अंशांची तपासणी हा शब्दप्रयोग गावोगावच्या चर्चासत्रांत रोजचा झाला. ते संयुग सेंद्रिय होते, लेसरच्या कक्षेबाहेरचे. पण त्याच बागांत बोर्डो मिश्रणही फवारले जाते: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. १८८५ साली मिलार्दे यांनी फ्रान्समधल्या द्राक्षबागांसाठी जाहीर केलेली ही कृती. विदर्भातला संत्रा बागायतदार तिचीच घट्ट पेस्ट खोडाला लावतो. तांब्याची अनुज्ञेय मर्यादा शिशाच्या मर्यादेच्या शेकडो पट असते आणि तांबे सालीवर असते, म्हणून ते लेसरच्या टप्प्यात येते. फवारणीनंतर किती पावसाने ते धुतले जाते, घडाच्या कोणत्या भागात साचते, वर्षानुवर्षांच्या फवारणीने बागेच्या मातीत किती जमले, हे विषय आपल्या कृषी विद्यापीठांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उचलावेत असे आहेत. त्यांना त्यासाठी दुसऱ्या लेसरची गरज पडणार नाही.

उलट आंब्याचा मोह आवरावा. कॅल्शियम कार्बाइडने आंबे पिकवण्यास आपल्याकडे बंदी आहे; बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, हे बंदीचे एक कारण. ‘लेसर दाखवा आणि कार्बाइडचा आंबा पकडा’ अशी कल्पना कोणाच्याही डोक्यात येईल. पण कॅल्शियम प्रत्येक आंब्याच्या सालीत मुळातच असते, आणि आर्सेनिकच्या ठळक रेषा अतिनील पट्ट्यात इतक्या आत आहेत की साधी यंत्रे तिथे अंधुक पाहतात. अशा यंत्राच्या भरवशावर एखाद्या आडत्याचा माल जप्त केला, तर न्यायालयात ते टिकणार नाही, आणि पुढच्या वेळी खरी तपासणीही संशयास्पद ठरेल.

लेखकांशी माझा एकच मतभेद आहे, आणि तो त्यांना सांगूनच इथे नोंदवतो. शेवटच्या प्रकरणात त्यांनी लवकरच प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती लेसर असेल, असे चित्र रंगवले आहे. मला ते घाईचे वाटते. उच्च शक्तीचा लेसर हे संरक्षक चष्म्याशिवाय हाताळण्याचे साधन नव्हे, आणि यंत्राचे अंशांकन स्थानिक फळांवर पुन्हा पुन्हा करावे लागते. चीनच्या संत्र्यावर शिकवलेले गणित नागपुरी संत्र्यावर तसेच्या तसे लागू होत नाही. पाच-दहा गावांमागे एक यंत्र, ते चालवणारा एक प्रशिक्षित माणूस आणि त्याच्या पाठीशी एक प्रमाणित प्रयोगशाळा, ही रचना मला जास्त पटते.

पुस्तक वाचून संपवणारा विद्यार्थी किंवा बागायतदार उद्या एखाद्या प्रदर्शनात अशा यंत्रासमोर उभा राहील. त्याने विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. ओल्या फळावर यंत्राला दिसणारे शिशाचे सर्वांत कमी प्रमाण किती? ते प्रमाण बुडवलेल्या फळांवर काढले की बागेतल्या? मोजमाप सालीचे की गराचे? आणि यंत्राने ‘संशयित’ म्हटलेला नमुना पुढे कोणत्या प्रयोगशाळेत जाणार, त्याचा खर्च कोण करणार? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कशी तपासायची, ते या पुस्तकात आहे. चौथ्याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते बागायतदार संघांनी, बाजार समित्यांनी आणि अन्न प्रशासनाने एकत्र बसून, यंत्र विकत घेण्याच्या आधी ठरवायचे आहे.